वायझॅगची आयएनएस कुरसुरा: एकदा टूरबरोबर, एकदा बाबांबरोबर

आधीच सांगते, वायझॅगच्या, म्हणजे विशाखापट्टणमच्या बीचवर म्युझियम करून ठेवलेली ही पाणबुडी मी एकाच ट्रिपमध्ये दोनदा बघितली, रविवारी संध्याकाळी आणि मग मंगळवारी दुपारी, मधला सोमवार म्युझियम बंद असतं म्हणून गेला. दोन्ही वेळा तिकीट काढून. नवरा म्हणाला तीच ती लोखंडाची नळी परत काय बघायचीय, पण रविवारी जे झालं त्याला बघणं म्हणतच नाहीत.

तर रविवारचं आधी. आम्ही एका टूर कंपनीबरोबर वायझॅग-अरकू केलं, नाव घेत नाही कारण बाकी जेवणखाण बरं होतं, पण त्यांच्या मॅनेजरने आरके बीचवर बस लावली आणि म्हणाला, "तीस मिनिटं, तीस मिनिटांत सगळे बसमध्ये." तीस मिनिटांत! रविवारची संध्याकाळ, अख्खं वायझॅग बीचवर, त्यात आमचा चाळीस जणांचा ग्रुप, त्यात दोन शाळांच्या सहली. पुढच्याची पाठ आणि मागच्याचा मोबाइल एवढंच मला आठवतंय. लेक नऊ वर्षांची आहे, तिला तर फक्त कमरेचे पट्टे दिसले. बाबा एका ठिकाणी थांबून काहीतरी बघायला लागले तर मागून "अंकल चलो चलो" सुरू झालं. आणि हीच टूर कंपनी दुसऱ्या दिवशी काजूच्या दुकानात सव्वा तास थांबते. पलासाचे काजू छान असतात हे मान्य आहे, पण सव्वा तास?

बाबांचं सांगायला हवं. बाबा बहात्तर वर्षांचे, मुंबईच्या माझगाव डॉकमधून, जिथे नौदलाची जहाजं बांधतात, पाइप फिटर म्हणून रिटायर झाले. त्यांच्या उमेदीच्या काळात तिकडे शल्की आणि शंकुल या पाणबुड्या बनल्या, जर्मन डिझाइनच्या, त्यातली शल्की १९९२ ला नौदलात गेली आणि ती भारतात बांधलेली पहिली पाणबुडी. त्यामुळे आमच्या घरात पाणबुडी हा विषय लहानपणापासून आहे पण बाबा फारसं बोलायचे नाहीत, डॉकमधलं डॉकमध्ये. रविवारी बसमध्ये बसल्यावर ते एवढंच म्हणाले, "अगं, मला तो तिसरा कंपार्टमेंट नीट बघायचा होता." झालं. मंगळवारी सकाळी सिंहाचलमचं देऊळ झाल्यावर ग्रुपला शॉपिंगला वेळ दिला होता, आम्ही चौघांनी रिक्षा केली आणि दोनला दारात हजर.

कुरसुरा काय आहे ते थोडक्यात. सोव्हिएत बनावटीची डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी, जगभर ज्याला फॉक्सट्रॉट क्लास म्हणतात त्यातली. १८ डिसेंबर १९६९ ला रिगामध्ये, म्हणजे आताच्या लॅटव्हियात, भारतीय नौदलात दाखल झाली. तेव्हा १९६७ च्या युद्धामुळे सुएझ कालवा बंद होता, त्यामुळे ही बया अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून घरी आली. लांबी ९१ मीटर, म्हणजे आपल्या लोकलचे साधारण साडेचार डबे एकामागे एक लावा. पण लोकलच्या डब्यात निदान सरळ उभं राहता येतं. हिच्या तीन बहिणींची नावं बघा: कलवरी, खांदेरी, करंज. खांदेरी म्हणजे आपल्या थळच्या समोरचा शिवरायांचा जलदुर्ग आणि करंज म्हणजे उरणजवळचं करंजा, त्यामुळे तिकडे आंध्रात बोर्ड वाचताना एकदम घरचं कोणीतरी भेटल्यासारखं झालं. हीच नावं आता माझगाव डॉकने बांधलेल्या नव्या पाणबुड्यांनाही दिलीत.

३१ वर्षं नोकरी, ७३,५०० सागरी मैल, पृथ्वीला तीनपेक्षा जास्त प्रदक्षिणा. मधली काही वर्षं तर ही नुसती उभीच होती, कारण हिचे पार्ट काढून दुसऱ्या पाणबुड्या चालवल्या, आणि मग मोठी दुरुस्ती करून परत उभी केली. बाबांना यात काही नवल वाटलं नाही. "स्पेअर नसले की असंच करतात, आमच्याकडे पण एक मशीन कायम दुसऱ्या तिघांना खाऊ घालायचं."

२७ फेब्रुवारी २००१ ला ती निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००२ मध्ये, लोकांसाठी खुली. मधल्या दीडेक वर्षात तिला समुद्रातून ओढत किनाऱ्यावर आणून काँक्रीटच्या पायावर बसवली, खर्च साडेपाच कोटींच्या आसपास. आता इथे मला थोडं बोलायचंय, रिव्ह्यूत बसत नसलं तरी. आपल्या मुंबईत विक्रांत ही विमानवाहू युद्धनौका होती. १९७१ ची विक्रांत! २००१ पासून काही वर्षं म्युझियम म्हणून उभी होती, तेव्हा आम्ही बघायला गेलो होतो, डेकवर उभं राहिल्यावर वारा असा यायचा की ओढण्या उडायच्या. २०१४ ला तिचा लिलाव झाला, साठ कोटींना, आणि दारूखान्याच्या जहाजं तोडायच्या यार्डात तोडली. तिच्या लोखंडातून मोटरसायकली निघाल्या. शेजारच्या एका मुलाने घेतली होती ती बाइक, मी आजही तिच्याकडे बघून मान फिरवते. मुंबईला एवढी मोठी बोट सांभाळणं परवडलं नसेल, असेल बाबा, पण वायझॅगने एक अख्खी पाणबुडी वाळूत आणून लावली आणि दोन दशकं चालवतायत, हे बघून जीव जळतो तो जळतोच.

असो. मंगळवार.

पुढच्या बाजूने जिना चढून आत जायचं, शेपटाकडून बाहेर पडायचं, एकदिशा मार्ग. आत सात कंपार्टमेंट आहेत. आणि इथली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे गाइड, कारण ते नौदलातून रिटायर झालेले लोक आहेत, पाठ केलेलं बोलणारी पोरं नाहीत. आमच्या वाट्याला जे काका आले त्यांचं हिंदी तेलुगू वळणाचं, पण मुद्देसूद. गर्दी नव्हती, आम्ही चौघं आणि एक बंगाली जोडपं. बाबांनी पहिल्याच कंपार्टमेंटमध्ये एका फ्लँजवर, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या चकतीवर, हात ठेवला आणि बोल्ट मोजायला लागले, ते त्या काकांनी बघितलं आणि विचारलं, "आप डॉकयार्ड से हैं क्या?" बाबा म्हणाले, "माझगाव डॉक, पाइप." त्यानंतर आमची टूर वेगळीच झाली.

पहिला कंपार्टमेंट म्हणजे पुढची टॉर्पेडो रूम. पुढे सहा नळ्या, मागे चार, एकूण बावीस टॉर्पेडो नेता यायचे. एकेक टॉर्पेडो सातेक मीटर लांब आणि जाडी ५३३ मिलिमीटर, म्हणजे पाण्याचा छोटा ड्रम आडवा करून ओढत लांब केल्यासारखा. लेकीला वाटलं होतं की बंदुकीच्या गोळीसारखं काहीतरी असेल. तो खरं तर स्वतःचं इंजिन आणि पंखा असलेलं एक छोटं जहाजच असतो, हे तिला काकांनी समजावलं, आणि तिने लगेच विचारलं की मग त्याला परत कसं आणतात. काका हसले. म्हणाले, प्रॅक्टिसवाला आणतात, खरा नाही येत.

दोन कंपार्टमेंटच्या मधे गोल दार असतं. दार कसलं, भोक. आधी एक पाय, मग डोकं, मग उरलेले तुम्ही. माझ्या नवऱ्याचं डोकं दोनदा आपटलं, दुसऱ्यांदा जरा जोरात, तेव्हा लोखंडाची नळी हा शब्द त्याने मागे घेतला असं मी धरून चालले. गुडघे दुखत असतील तर दहादा विचार करा. साडी नेसून जाऊ नका. बाबा मात्र बहात्तराव्या वर्षी त्या गोल दारातून असे सरसर गेले की मी बघतच राहिले, पाय कुठे ठेवायचा आणि हात कुठे धरायचा हे त्यांच्या अंगातच होतं.

तिसरा कंपार्टमेंट, कंट्रोल रूम. हाच तो बाबांना बघायचा होता. पेरिस्कोप, सुकाणू, खोली दाखवणारी घड्याळं, आणि भिंत नाहीच, जिकडे बघाल तिकडे पाइप, व्हॉल्व्ह, चाकं, पाइपांवर पाइप. रविवारी मला हे सगळं एक जाळं दिसलं होतं. बाबांनी बोट ठेवून वाचायला सुरुवात केली, हा समुद्राच्या पाण्याचा, हा तेलाचा, हा दाबाखालच्या हवेचा, मधूनच काकांकडे बघायचे आणि काका मान हलवायचे. मग लेकीला म्हणाले, "पाणबुडी बुडते कशी माहितीये? बादलीत उलटा तांब्या धर. आत हवा आहे तोवर तो खाली जात नाही, हाताला वर ढकलतो. जरा तिरका केलास की बुडबुड निघते आणि तांब्या खाली. इथे तांब्या तिरका नाही करत, वरची झाकणं उघडतात, हवा जाते, खालून पाणी येतं. वर यायचं असेल तर ह्या पाइपातून हवा दाबून पाणी बाहेर घालवायचं." मी पंचेचाळीस वर्षांची झाले, मला हे आज कळलं. शाळेत आर्किमिडीज पाठ केला होता नुसता.

आणि मग ते म्हणाले ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. ही पाणबुडी अडीचशे मीटर खोल जाऊ शकायची. दर दहा मीटरला दाब चौरस सेंटीमीटरमागे साधारण एक किलोने वाढतो, म्हणजे तिथे दर चौरस सेंटीमीटरवर पंचवीस किलो. बाबा म्हणाले, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर अर्धं सिमेंटचं पोतं. आणि बाहेरचं समुद्राचं पाणी यंत्रं थंड करायला पाइपातून आत फिरवावं लागतं, म्हणजे तो दाब भिंतीच्या बाहेर राहत नाही, तो आत येतो, ह्या फ्लँजपर्यंत येतो. "म्हणून एकेक जोड परत परत तपासायचा. घरी नळ गळला तर फडकं बांधतो, इथे गळला तर ती पाण्याची धार नसते, सुरी असते." त्यांनी घरी हे कधी सांगितलं नव्हतं. आई म्हणायची, बाबा उशिरा येतात, टेस्ट होती. टेस्ट म्हणजे ही टेस्ट.

बॅटरीचं पण ऐकण्यासारखं आहे. पाण्याखाली डिझेल इंजिन चालत नाही कारण हवा लागते, त्यामुळे खाली सगळं बॅटरीवर, आणि बॅटरी म्हणजे आपल्या इन्व्हर्टरला असते तशीच लेड-ॲसिड, फक्त ४४८ सेल, पायाखाली, जमिनीच्या खाली भरलेले. चार्ज करायला पृष्ठभागाजवळ येऊन नळी वर काढायची आणि डिझेल सुरू करायचं. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, तो साठला तर स्फोट. समुद्राचं पाणी बॅटरीत गेलं तर क्लोरीन वायू. म्हणजे तुम्ही ज्याच्यावर झोपलाय, ज्याच्यावर बसून जेवताय, ते एकाच वेळी तुमचं पोट भरतंय आणि जीवावर पण उठू शकतं.

झोपायच्या जागा बघून सगळेच गप्प होतात. पंचाहत्तरच्या आसपास माणसं. कॅप्टनला एक केबिन, म्हणजे आपल्याकडे चाळीत मोरी असते त्याच्याहून जरा मोठी. बाकीच्यांना फळ्या, एकावर एक, काही तर मागच्या टॉर्पेडो रूममध्ये टॉर्पेडोंच्या शेजारी. एकाची पाळी संपली की तो झोपायचा आणि त्या जागेवरचा उठून कामाला जायचा. गोड पाणी मोजून, त्यामुळे अंघोळ विसरा. नौदलाचे पुतळे ठेवलेत कामं करताना, लेक एकाला दचकली पण. स्वयंपाकघर बघून मला सगळ्यात जास्त वाटलं. माझा डोंबिवलीचा ओटा त्याच्या दुप्पट आहे आणि मी रोज कुरकुर करते.

ह्याच जातीच्या पाणबुडीची एक गोष्ट मला आधीपासून माहीत होती आणि आत उभं राहून ती वेगळीच वाटली. १९६२ चं क्युबाचं प्रकरण, अमेरिका आणि सोव्हिएत अणुयुद्धाच्या तोंडाशी आले होते ते, त्यातली बी-५९ नावाची सोव्हिएत फॉक्सट्रॉट, अमेरिकन जहाजांनी वरून घेरलेली, बॅटरी संपत आलेली, आत ४५ डिग्रीच्या वर उकाडा, मॉस्कोशी संपर्क नाही. तिच्यावर एक अणुटॉर्पेडो होता. कॅप्टन चिडून तो सोडायच्या गोष्टी करत होता आणि वासिली अर्खिपोव नावाच्या अधिकाऱ्याने विरोध केला, त्याला शांत केलं, पाणबुडी वर आली. मी वाचलं तेव्हा मला एखादी मोठी खोली डोळ्यासमोर आली होती, टेबल, नकाशे. इथे कळलं की ते तिघं-चौघं जण एकमेकांच्या श्वासात उभं राहून भांडले असणार, मागे सरकायला पण जागा नाही. दोन हात पसरले की दोन्हीकडे काहीतरी लागतं.

पुढे इंजिन रूम, तीन डिझेल, मग मोटर रूम, इथे पटकन झालं कारण लेकीला भूक लागली होती. तीन इंजिनं एकाच वेळी चालू असताना इथे काम करणाऱ्यांच्या कानांचं काय होत असेल ते काकांना बघून कळत होतं, आपण दोनदा विचारल्यावर उत्तर देत होते. इंजिन रूममध्येच होतो मी, म्हणाले, दुसऱ्या बोटीवर.

१९७१ मध्ये हिने किती जहाजं बुडवली हा प्रश्न प्रत्येक ग्रुपमधला एक माणूस विचारतोच, आमच्यात बंगाली दादांनी विचारला. उत्तर: एकही नाही. युद्धाच्या वेळी ती अरबी समुद्रात गस्तीवर होती, कुठपर्यंत जायचं ते आखून दिलेलं, आणि पक्की ओळख पटल्याशिवाय किंवा हुकूम आल्याशिवाय टॉर्पेडो सोडायचा नाही. गाइड काकांनी हे न लाजता सांगितलं, उगाच मीठमसाला नाही, आणि मला हे फार आवडलं. आपल्याकडे अशा ठिकाणी सहसा थापा मारतात. कित्येक दिवस त्या नळीत राहून, वास मारत, न झोपता, काहीच न करता परत येणं हे पण कामच आहे की.

बऱ्याच लोकांचा अजून एक घोळ होतो, त्यांना वाटतं गाझी हीच. नाही हो. गाझी पाकिस्तानची, मूळची अमेरिकन, विक्रांतला शोधत इथे वायझॅगसमोर आली होती आणि ३ डिसेंबरच्या रात्री इथेच बुडाली, सगळी माणसं आत. आपण म्हणतो आयएनएस राजपूतने बुडवली, ते म्हणतात आतल्या स्फोटाने. विक्रांत तेव्हा अंदमानकडे लपवलेली होती. उलट बाजूला ९ डिसेंबरला त्यांच्या हँगोर पाणबुडीने आपली खुकरी युद्धनौका बुडवली, कॅप्टन मुल्ला जहाजाबरोबरच गेले. आणि गंमत अशी की ती हँगोर पण आज कराचीत म्युझियममध्ये उभी आहे. म्हणजे त्या युद्धातली एक पाणबुडी वायझॅगला जमिनीवर, एक कराचीला जमिनीवर, आणि दोन्हीकडे पोरं वाकून गोल दारातून जातायत.

आता कामाच्या गोष्टी. सोमवारी बंद, मंगळवार ते शनिवार दुपारी दोननंतर. उघडल्या उघडल्या जा, संध्याकाळी आणि रविवारी जाऊ नका, कृपया. पाठीवरची सॅक बाहेर कोणाकडे तरी ठेवा, आत ती सगळीकडे अडकते. गाइडला सोडून पुढे पळू नका, लोक फोटो काढत सुटतात आणि दहा मिनिटांत मागून बाहेर पडून म्हणतात काही नव्हतं. बंद जागेची भीती वाटत असेल त्यांनी बाहेरूनच बघा, बाहेरून पण ती प्रचंड दिसते, काळी, पोट टेकून पडलेल्या देवमाशासारखी. आणि शक्य असेल तर घरातल्या कोणा हातांनी काम केलेल्या माणसाला बरोबर घ्या, फिटर, वेल्डर, रेल्वेतला, कोणीही.

रस्त्याच्या पलीकडे टीयू-१४२ विमानाचं म्युझियम आहे, २०१७ ला झालं, पाणबुड्या शोधणारं विमान, लहान मुलांना आवडेल, मोकळं आहे, डोकं आपटत नाही. आम्ही तेही केलं पण खरं सांगायचं तर त्या नळीतून बाहेर आल्यावर बाकी सगळं फार ऐसपैस वाटत होतं. पुढे बीचवरच १९७१ च्या विजयाचं स्मारक आहे, तिथे पाच मिनिटं थांबलो.

मग वाळूवर बसून मुरी मिक्चर खाल्लं, हे वायझॅगचं कुरमुऱ्यांचं प्रकरण, आपल्या भेळेचं चुलत भावंड, चिंचेच्या पाण्याऐवजी लिंबू आणि तिखट भरपूर. लेक कागदी कोनात बघत विचारत होती की आजोबा तुम्ही बनवलेली पाणबुडी आता कुठे आहे. बाबा म्हणाले, "समुद्रात असेल." मग थोड्या वेळाने, तोंडातला घास संपवून, "त्या दुसऱ्या कंपार्टमेंटमध्ये डावीकडे वरचा एक ब्रॅकेट नंतर लावलेला आहे. ओरिजिनल नाही. वेल्डिंग वेगळं आहे." नवऱ्याने मला हळूच विचारलं, परत जायचंय का यांना?